जहाज दुपारचं, मुक्काम आदल्या रात्रीचा

पावसाळा सरला की मुंबईहून पर्यटकांच्या जहाजांचा हंगाम सुरू होतो आणि पुढचा पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतो. मंगरूळपीर तालुक्यातल्या आसेगावसारख्या गावाला हे वेळापत्रक तसं सोयीचं. दिवाळीनंतर सोयाबीन निघून गेलेलं असतं, तूर शेतात उभी असते, आणि हरभऱ्याच्या पाण्याकडे पाहणारं कोणी मागे ठेवता आलं तर चार दिवस मोकळे काढता येतात. गुरुजी सेवानिवृत्त झालेले असतात, लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, किंवा पुण्यात नोकरीला लागलेल्या पोरानं आईबाबांना एकदा जहाजात बसवायचं मनावर घेतलेलं असतं. तिकीट मोबाइलवर निघतं. खोली खिडकीची घ्यायची की आतली, यावर घरात आठवडाभर खल होतो. आदल्या रात्री झोपायचं कुठे हा विषय मात्र निघायला चार दिवस उरले की कोणीतरी काढतं, आणि "मुंबईत काय, लॉज पायलीचे पन्नास" असं म्हणून तो तिथेच संपतो.

माझ्या मते सगळ्या बेतात डोकं चालवायचं ते इथेच. खिडकीची खोली नाही मिळाली तर जहाजाच्या वरच्या मजल्यावर जाऊन समुद्र पाहता येतो. वेळेत धक्क्यावर पोचलो नाही तर काहीच पाहता येत नाही. आगगाडी चुकली तर मागून दुसरी येते, एसटी चुकली तर काळीपिवळी मिळते. जहाजाला मागून दुसरं जहाज नसतं, आणि चुकलेल्याचे पैसे सहसा परत येत नाहीत.

जहाज थांबत का नाही, हे एकदा समजून घेतलं की मुक्कामाचं गणित आपोआप सुटतं. मोठं जहाज कप्तानाच्या मर्जीनं सुटत नाही. बंदरातून बाहेर पडायला बंदराचा पायलट जहाजावर चढावा लागतो. हा विमानाचा पायलट नव्हे. त्या बंदरातले उथळ भाग, प्रवाह आणि वाटा पाठ असलेला वाटाड्या. जहाजाला धक्क्यापासून ओढायला टग लागतात. या सगळ्यांची वेळ आधी ठरलेली असते आणि धक्का पुढच्या जहाजासाठी मोकळा करून द्यायचा असतो. शिवाय निघण्याआधी जहाजावर कोण कोण आहे याची पक्की यादी अधिकाऱ्यांच्या हाती जावी लागते. म्हणूनच जहाज सुटण्याच्या एक-दोन तास आधीच प्रवाशांची नोंदणी बंद होते. तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात, एक जहाज सुटण्याची आणि एक नोंदणी बंद होण्याची. आपल्याला पाठ असायला हवी ती दुसरी.

उलट बाजूनं पाहिलं तर फार लवकर जाऊनही उपयोग नसतो. मुंबईहून १८ सप्टेंबर २०२१ पासून फिरू लागलेलं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' हे जहाज घ्या. १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं ते पहिल्यांदा पाण्यात आलं. त्यावर सुमारे १,८०० प्रवासी मावतात. सकाळी ते धक्क्याला लागतं तेव्हा आधीच्या फेरीचे तेवढेच लोक उतरायचे असतात, त्यांच्या बॅगा उतरायच्या असतात, शेकडो खोल्यांच्या चादरी बदलायच्या असतात, भाजीपाला आणि पाणी भरायचं असतं. हे उरकल्यावर, साधारण दुपारच्या सुमारास नव्यांना आत घेतात. म्हणजे आपल्या हाती खरी वेळ असते ती सकाळ ते दुपार एवढीच, आणि त्यातही एका टोकाला दार उघडलेलं नसतं तर दुसऱ्या टोकाला ते बंद होत असतं. त्या अवधीत आपण धक्क्यापासून किती लांब आहोत यापेक्षा मधल्या रस्त्यात काय काय बिघडू शकतं, हे महत्त्वाचं.

आता मुंबईच्या भूगोलाकडे वळू. समुद्र न पाहिलेल्या किंवा एकदाच सहलीत पाहिलेल्या माणसाच्या मनात समुद्र म्हणजे चौपाटी. जहाज समुद्रात जाणार, तेव्हा मुक्काम समुद्राजवळ हवा, आणि समुद्राजवळ म्हणजे जुहू नाहीतर मरीन ड्राइव्ह, असा सरळ हिशोब होतो. तो चुकतो, कारण मुंबईला दोन किनारे आहेत. पश्चिमेला उघडा अरबी समुद्र आहे. जुहू, दादर, गिरगाव या चौपाट्या त्या बाजूला. तिथे लाटा थेट येऊन आपटतात आणि वाळू उथळ आहे, त्यामुळे मोठं जहाज तिकडे फिरकतही नाही. जहाजांना हवं असतं आडोशाचं खोल पाणी. ते पूर्वेला आहे, मुंबईचं बेट आणि समोरची उरण-अलिबागची जमीन यांच्यामध्ये. याच आडोशामुळे मुंबई बंदर झाली. पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या हाती गेलेल्या सात बेटांचं पुढे जे काही झालं, त्याचं मूळ या शांत पाण्यात आहे.

त्यामुळे जुहूला समुद्राकडे तोंड करून खोली घेतली तर समुद्र दिसेल, पण तो चुकीच्या बाजूचा. सकाळी तिथून जहाजाचा धक्का, म्हणजे बॅलार्ड पिअर, गाठायचं म्हणजे निम्मी मुंबई आडवी-उभी ओलांडायची. अलिबागचा मोह आणखी फसवा. किनाऱ्यावरचं घर, नारळी-पोफळी, मासळी सगळं खरं, आणि क्रूझच्या आधी एक रात्र तिथे काढावी असं वाटणंही साहजिक. पण अलिबाग बंदराच्या पलीकडच्या तीरावर आहे. सकाळी मांडव्याहून लाँच किंवा रो-रो पकडून पाणी ओलांडायचं आणि मग दुसऱ्या जहाजात बसायचं, असा तो बेत होतो. लाँच भरली, भरतीमुळे उशीर झाला, रांग लांबली, की दुपार हातची जाते. अलिबाग पाहायचंच असेल तर क्रूझहून परतल्यावर पाहावं.

बॅलार्ड पिअर हे नाव कर्नल बॅलार्ड यांच्यावरून पडलं. मुंबई पोर्ट ट्रस्ट उभं करण्यात त्यांचा हात होता. मागे जी बॅलार्ड इस्टेट आहे ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रात भर टाकून मिळवलेल्या जमिनीवर वसवली. तिची आखणी गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुशिल्पकार जॉर्ज विटेट यांची. या धक्क्यावर आता मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, आणि वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळण्याच्या हिशोबानं ते बांधलेलं आहे.

टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ टर्मिनल" सांगू नये. बंदराच्या लांबलचक भिंतीतल्या दरवाजांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, रेड गेट, ऑरेंज गेट, यलो गेट. बॅलार्ड पिअरला जाण्याची वाट ग्रीन गेटची. भाऊचा धक्का तिथून बराच उत्तरेला, माझगावच्या बाजूला आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली मुंबई-गोवा 'आंग्रिया' बोट त्या बाजूच्या देशांतर्गत टर्मिनलवरून सुटायची, आणि जुन्या कोकण बोटींमुळे मुंबईतल्या वयस्कर लोकांच्या तोंडी बोट म्हटलं की भाऊचा धक्काच येतो. कल्याणच्या मामांना विचाराल तर ते तिकडेच धाडतील. तिकिटावर कोणतं टर्मिनल आणि कोणतं गेट लिहिलंय ते वाचून मगच राहायची जागा शोधावी.

एकेकाळी आदल्या रात्रीच्या मुक्कामाची कटकट बऱ्याच साहेबलोकांना नव्हतीच, कारण आगगाडीच जहाजाला जाऊन भिडायची. बॅलार्ड पिअरवर 'बॅलार्ड पिअर मोल' नावाचं रेल्वे स्टेशन होतं. विलायतेची टपाल-बोट धक्क्याला लागली की उतारू जवळच उभ्या असलेल्या गाडीत बसून उत्तरेकडे रवाना होत. १९२८ मध्ये सुरू झालेली फ्रंटियर मेल थंडीच्या महिन्यांत याच स्टेशनावरून सोडली जायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये हे स्टेशन बंद झालं. गाडी आणि बोट दोन्ही टपालाच्या बांधील होत्या, म्हणून दोघींच्या वेळा जुळवलेल्या असत. आजची गाडी आणि आजची क्रूझ एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांच्यातलं अंतर आपल्यालाच भरून काढावं लागतं, आणि ते भरायचं साधन म्हणजे एक रात्र.

सामान्य माणसाच्या वाट्याला ती रात्र तेव्हाही होती, आणि बरेचदा एका रात्रीवर भागतही नसे. १८८८ साली विलायतेला निघालेले गांधीजी ऑगस्टमध्ये राजकोटहून मुंबईत आले. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पहिलाच प्रवास आहे, नोव्हेंबरपर्यंत थांबू द्या, असं स्नेह्यांनी त्यांच्या भावाला सांगितलं. भाऊ त्यांना एका मित्राकडे ठेवून परत गेले. मुंबईतल्या या मुक्कामात जातीची पंचायत बसली आणि विरोध झाला. अखेर ४ सप्टेंबरला गांधीजी जहाजावर चढले.

मुक्कामाचा हा प्रश्न मुंबईनं सर्वात मोठ्या प्रमाणावर हाताळला तो हजच्या यात्रेकरूंसाठी. वऱ्हाड-मराठवाड्यापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंतचे लोक जेद्दाच्या जहाजासाठी मुंबईत गोळा होत. जहाज नक्की कधी सुटणार याचा भरवसा नसे. पुरेसे प्रवासी भरेपर्यंत ते थांबवून ठेवलं जाई, आणि तोवर गाठीचे पैसे दलालांच्या आणि शहराच्या घशात जात. तक्रारी इतक्या वाढल्या की १८८६ मध्ये सरकारनं यात्रेकरूंच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली. काही वर्षांत तोही प्रयोग गुंडाळला गेला. टिकल्या त्या धर्मादाय जागा. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना त्यांतला नावाजलेला. १९३२ मध्ये बंदरातल्या हज समित्यांचा कायदा झाला आणि पुढे सीएसएमटीजवळ हज हाउसची उंच इमारत उभी राहिली. १९९५ मध्ये हजची जहाजं बंद झाली आणि सगळे विमानानं जाऊ लागले. आता विदर्भातले यात्रेकरू नागपूरहून उडतात. या सगळ्या जागा कुठे आहेत पाहा. गोदी आणि मोठं स्टेशन यांच्यामधल्या मैल-दीड मैलाच्या पट्ट्यात त्या आहेत. मुक्काम कुठे करावा याचं उत्तर त्या पिढ्यांनी अनुभवातून काढून ठेवलं होतं.

आपल्याकडे हे शहाणपण नाही असं थोडंच आहे? आषाढीला निघालेला माणूस एकादशीच्या सकाळी पंढरपुरात पोचण्याचा बेत करत नाही. दशमीला तरी चंद्रभागेच्या आसपास टेकतो. क्रूझच्या वेळी मात्र तोच माणूस पहाटेच्या गाडीवर आणि दुपारच्या जहाजावर सगळं सोडून मोकळा होतो.

आता आसेगावहून निघू. रस्त्यानं जायचं तर तालुक्यातल्याच शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्गावर चढता येतं. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि वाशिम जिल्ह्यातून मुंबईला जाण्याचा हिशोबच बदलला. पण नाव मुंबईचं असलं तरी रस्ता संपतो भिवंडीजवळच्या आमण्याला. तिथून बॅलार्ड पिअर आणखी पन्नास-साठ किलोमीटर. आधीचे पाचशेहून अधिक किलोमीटर किती तासांत होतील हे बऱ्यापैकी सांगता येतं. हे शेवटचे पन्नास-साठ दीड तासात होतील की साडेतीन, ते सांगता येत नाही. भिवंडीच्या गोदामांचे ट्रक, ठाण्याची कोंडी, कुठे पुलाचं काम.

मुक्काम निवडायचा तो याच हिशोबानं. प्रवासातला जो टप्पा बेभरवशाचा आहे तो आदल्या दिवशी ओलांडून टाकायचा आणि त्याच्या पलीकडे झोपायचं. म्हणून इगतपुरीला थंड हवेत थांबणं, नाशिकला नातेवाइकांकडे उतरणं किंवा भिवंडी बायपासवरच्या हॉटेलात पाठ टेकणं, हे तिन्ही बेत दिसायला छान आणि कामाला वाईट. पाचशे किलोमीटर तुडवून नेमका अवघड भाग सकाळसाठी शिल्लक राहतो. त्यापेक्षा संध्याकाळी थोडी कळ सोसून ठाणे पार करावं. पूर्व द्रुतगती मार्गानं चेंबूरपर्यंत आलात की २०१३ पासून सुरू असलेला ईस्टर्न फ्री-वे थेट पी. डि'मेलो रोडवर, गोदीच्या भिंतीपाशीच उतरवतो. ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम चालू आहे; तिथे गाडी रेंगाळते, पण तोवर आपण पोचलेलेच असतो.

रात्रभर गाडी हाकून सकाळी पोचू, हॉटेलचे पैसे वाचतील, हा तरुण मंडळींचा आवडता बेत. समृद्धीचा रस्ता सरळ आणि एकसुरी आहे आणि पहाटे डोळा लागायला तेवढं पुरतं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात पंचवीस जण जळून गेले, ती रात्र आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. सकाळी नऊला निघावं, उजेडात बहुतेक रस्ता कापावा. आणखी एक गोष्ट आधी ठरवायची: आपली गाडी तीन-चार दिवस ठेवणार कुठे? फोर्टात ती ठेवण्याचा खर्च आणि घोर दोन्ही मोठे. ठाण्या-कल्याणच्या पाहुण्यांच्या आवारात गाडी लावून तिथून टॅक्सीनं रात्रीच मुंबई गाठणं जास्त सोपं.

रेल्वेचा मार्ग वेगळा विचार मागतो. मुंबईच्या गाड्यांसाठी आपल्याला अकोला किंवा मूर्तिजापूर गाठावं लागतं. विदर्भ एक्स्प्रेस आणि अमरावती-मुंबई एक्स्प्रेस या दोन्ही रात्रभर धावून सकाळी सीएसएमटीला लागतात. सीएसएमटी ते ग्रीन गेट अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. म्हणजे गाडी वेळेवर आली तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाची गरजच नाही, आणि तीन तास उशिरा आली तरी जमून जातं. दुपारच्या जहाजासाठी हा बेत मला वावगा वाटत नाही. फक्त अशा वेळी रात्रीच्या हॉटेलाऐवजी सकाळच्या पाच-सहा तासांची सोय लागते: अंघोळ, नाश्ता, बॅगा ठेवायला जागा. स्टेशनातली विश्रामगृहं पक्क्या तिकिटावर आधी आरक्षित करता येतात. सीएसएमटीला झोपायच्या छोट्या कप्प्यांचं हॉटेलही आहे. बोरा बाजाराच्या आसपास तासांवर किंवा चोवीस तासांच्या हिशोबानं खोल्या मिळतात. जहाज सकाळचं असेल, किंवा घरात गुडघे दुखणारी आजी आणि लहान पोरं असतील, तर मात्र एक दिवस आधीची गाडी धरून रात्र मुंबईतच काढावी.

खासगी ट्रॅव्हल्स सोयीच्या, कारण त्या गावाजवळून मिळतात. पण त्या फोर्टपर्यंत आणून सोडतील असं धरू नये. ठाणे, सायन, दादर इथे उतरावं लागतं आणि तिथून बॅगांसकट पुढचा प्रवास आपला आपण करायचा असतो. विमानाचं म्हणाल तर १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीहून मुंबईला विमान जाऊ लागलं. त्याचे वार आणि आपल्या जहाजाचा वार जुळतात का, एवढं पाहावं. अंधेरीच्या विमानतळावरून आता मेट्रो तीन थेट सीएसएमटीला येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला, त्यामुळे विमानतळाजवळच मुक्काम करण्याचं जुनं कारण बरंचसं उरलं नाही. नवी मुंबईच्या विमानतळावर उतरणाऱ्याला अटल सेतू आहे.

पाहुण्यांकडे उतरावं का? आपल्याकडे हा प्रश्न विचारणंही थोडं वाईट दिसतं. डोंबिवलीला आतेभाऊ असताना लॉजवर उतरलात हे कळलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. पण डोंबिवली, कल्याण, बदलापूर ही ठिकाणं त्या बेभरवशाच्या टप्प्याच्या अलीकडे आहेत. सकाळी वहिनी "पोहे खाल्ल्याशिवाय नाही जायचं" म्हणते, भाऊ "काय घाई आहे, फास्ट लोकलनं तासाभरात" म्हणतो, आणि तो त्याच्यापुरता खरंच बोलत असतो, कारण त्याच्याकडे बॅगा नसतात. चार बॅगा घेऊन सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये चढणं आसेगावच्या माणसानं करून पाहू नये. त्यातून रविवार असला तर मेगाब्लॉक. दुरुस्तीसाठी मध्य रेल्वेच्या काही मार्गांवर सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत गाड्या बंद ठेवतात किंवा वळवतात, म्हणजे नेमक्या आपल्या वेळेला. पाहुण्यांकडे जायचंच असेल तर आदल्या दिवशी दुपारचं जेवण तिथे करावं आणि रात्री शहरात येऊन झोपावं. मान राहतो, जहाजही राहतं.

विदर्भातल्या माणसाला मुंबईत आणखी एक ओळखीचं छप्पर असतं, आमदार निवास. मंत्रालयाच्या कामाला किंवा दवाखान्यासाठी आलेली किती माणसं आपल्या आमदारांच्या खोलीत चटईवर झोपून गेली असतील! आकाशवाणी आमदार निवास गोदीपासून फार लांब नाही, त्यामुळे जागा म्हणून ते उत्तम. पण ती सोय अडलेल्या माणसासाठी असते. क्रूझला निघालेल्यानं तिथली चटई अडवू नये, असं आपलं मला वाटतं.

दादर हे सगळ्यांचं आवडतं. मराठी वस्ती, मराठी जेवण, दोन्ही रेल्वेमार्ग, आणि चोवीस तासांवर खोली देणारी लॉजं. तिथून गोदी नऊ-दहा किलोमीटर, पण वाटा बऱ्याच आहेत. एक अडली तर दुसरी धरता येते, आणि मुक्कामाच्या जागेत मी हा गुण सर्वात वर ठेवतो. फक्त तारीख पाहावी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात. आपल्याच भागातून विशेष गाड्या भरून जातात, दादरचे रस्ते बदललेले असतात, खोल्या कधीच्या संपलेल्या असतात. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी अशीच अडचण सीएसएमटी आणि फोर्टच्या बाजूला होते, सकाळी तिकडचे रस्ते वाहनांना बंद असतात.

सर्वात जवळचं म्हणजे बॅलार्ड इस्टेट. नकाशावर पाहिलं की तिथेच राहावं असं वाटतं. पण ती कचेऱ्यांची वस्ती आहे. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. बेरी पुलावासाठी प्रसिद्ध असलेलं १९२३ सालचं ब्रिटानिया तिथलंच, पण ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण. रात्री लहान पोराला दूध किंवा आजोबांना गोळी हवी झाली तर चालत सीएसएमटीकडे यावं लागेल. म्हणून माझी निवड सीएसएमटी ते फोर्ट या पट्ट्याची. स्टेशन, औषधाची दुकानं, साधं शाकाहारी जेवण सगळं पायाखाली, आणि सकाळी टॅक्सीनं दहा मिनिटांत ग्रीन गेट. मशीद बंदर आणि पी. डि'मेलो रोडच्या बाजूला स्वस्त पडतं, पण रात्रभर मालट्रकांचा आवाज असतो. कुलाब्यात गेटवेजवळ समुद्र दिसतो, तोही बरोबर बाजूचा, पण त्याचे पैसे मोजावे लागतात.

खोली ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारायच्या. लिफ्ट आहे का, कारण फोर्टातली कित्येक लॉजं जुन्या इमारतींत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आहेत. खोली किती वाजता सोडायची, कारण सकाळी नऊला बाहेर काढलं तर दुपारपर्यंत बॅगा घेऊन बसायचं कुठे? आणि खोली सोडल्यावर सामान खाली ठेवू देतील का. ओळखपत्रं मूळ लागतात, लॉजवरही आणि जहाजावरही. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नये.

हाच नियम दुसऱ्या बंदरांनाही लागतो. गोव्यातून जहाज धरायचं असेल तर ते मुरगावला लागतं. तेव्हा मुक्काम वास्कोला करावा, कळंगुटच्या किनाऱ्यावर नव्हे. विमान दाबोळीचं घ्यावं. मोपा उत्तरेला पेडणे तालुक्यात आहे, तिथून मुरगाव म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा ओलांडणं. परदेशात तर तिकिटावरचं शहराचं नाव आणि प्रत्यक्ष बंदर यांचा संबंध आणखी सैल. जाहिरातीत 'रोम' असतं आणि जहाज चिविटावेकियाला उभं असतं, सत्तरेक किलोमीटरवर. 'लंडन' म्हणजे बहुधा साउदॅम्प्टन, 'बँकॉक' म्हणजे लाएम चाबांग, आणि 'पॅरिस' म्हणजे ल आव्हर, जिथून पॅरिस सुमारे दोनशे किलोमीटर आहे. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटन आणि ब्रुकलिन अशी दोन टर्मिनलं आहेत, आणि तिसरं नदीपलीकडे न्यू जर्सीत बेयॉनला. एडिसनला राहणाऱ्या मुलाकडे गेलेल्या आईबाबांचं जहाज बेयॉनचं असेल तर घरूनच निघावं. मॅनहॅटनचं असेल तर सकाळी हडसनखालच्या बोगद्यातली रांग धरून चालावं. मुलगा तिथलाच असल्यानं त्याला हे ठाऊक असतं. पण तोही डोंबिवलीच्या आतेभावासारखाच "काय घाई आहे" म्हणण्याची शक्यता असते.

राहता राहिला परतीचा दिवस. जहाज सकाळी धक्क्याला लागतं आणि नाश्ता झाला की खोली रिकामी करायला सांगतात, कारण पुढचे १,८०० लोक यायचे असतात. विदर्भाकडच्या रात्रभर धावणाऱ्या गाड्या सीएसएमटीहून संध्याकाळी सातच्या पुढे सुटतात. मधला अख्खा दिवस मुंबईत बॅगांसकट काढायचा असतो आणि त्याचा विचार कोणी केलेला नसतो. या दिवसासाठी वेगळी खोली घेण्याचं कारण नाही. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये रेल्वेचं तिकीट दाखवून सामान ठेवता येतं आणि राणीची बाग, संग्रहालय किंवा क्रॉफर्ड मार्केट निवांत होतं. मात्र कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत, आणि स्टेशनाबाहेर कुलपं दुप्पट भावानं विकतात. ती अकोल्यालाच घेऊन ठेवावीत.